पावसाळ्याआधी बाइक आणि कार: आत आलेलं पाणी बाहेर कुठून जातं?

मृगाचा_पाऊस
मृग लागायला आता थोडेच दिवस उरलेत. गॅरेजवाल्यांकडे रांगा लागल्यात, पण ‘पावसाळी सर्व्हिसिंग’ म्हणजे वॉशिंग, ऑइल बदली आणि चेनवर एक फवारा, एवढंच बहुतेक ठिकाणी होतं. गाडी काही पाणबुडी नाही. पाणी आत येणार हे कंपनीनेही धरलेलं असतं, म्हणून तर जागोजागी भोकं आणि नळ्या दिलेल्या असतात. वर्षभराच्या धुळीने त्या बुजतात आणि मग नुकसान होतं. घरी, साध्या हत्यारांनी काय करता येईल ते इथे लिहू या. प्रत्येकाने आपल्याला पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहावं.

सुरुवात पेट्रोलच्या टाकीपासून करतो. बाइकच्या टाकीचं झाकण उघडलं की तोंडाभोवती एक खोलगट कडं दिसतं. त्यात एक बारीक भोक असतं. तिथून एक नळी टाकीच्या आतून खाली जाते, पुढे रबरी पाइप लागतो आणि तो इंजिनामागे, चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) आसपास मोकळा सोडलेला असतो. झाकणावर पडलेलं पाणी या वाटेने जमिनीवर जायला हवं. भोक बुजलं की पाणी कड्यातच तुंबतं आणि पंपावर झाकण उघडताक्षणी थेट पेट्रोलमध्ये उतरतं.

तपासणी सोपी आहे. झाकण बंद ठेवून वरून अर्धी वाटी पाणी ओता. मिनिटाभरात खालच्या पाइपातून ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर आधी खालचं टोक बघा, बहुतेकदा चिखल तिथेच वाळून बसलेला असतो. मग सायकलच्या पंपाने खालून हलकी हवा मारा. कडक तार खुपसू नका, रबर फाटतं. काही टाक्यांना दोन पाइप असतात, त्यातला दुसरा हवेचा असतो. तोही मोकळा हवा.

हल्लीच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे याला जास्त महत्त्व आलंय. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत विरघळवून घेतं आणि गाडी चालत राहते. मर्यादेबाहेर पाणी गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप तळातूनच ओढतो, म्हणजे पहिला घोट त्या थराचाच. मग वरून ताजं पेट्रोल टाकून भागत नाही, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना निदान बाउलचा ड्रेन स्क्रू सैल करून खालचं पाणी काढता येतं. गाडी पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकामी जागा जितकी कमी, तितका आत दमट हवेचा ओलावा कमी धरतो.

चिमटा_आणि_चक्री
टाकीचं उत्तम लिहिलंय. मी चेनवर येतो. पावसात सगळ्यात आधी मरते ती चेन, आणि तीही पाण्याने कमी, चिखलातल्या बारीक रेतीने जास्त.

आधी ताण. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. खालच्या बाजूच्या चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली करून एकूण हालचाल मोजा. बहुतेक कम्युटर (रोजच्या वापराच्या साध्या) बाइकना २० ते ३० मिमी सांगितलेली असते, उंच शॉकअपच्या गाड्यांना यापेक्षा बरीच जास्त. नेमका आकडा चेनकव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतो, आणि गाडी कुठल्या स्टँडवर ठेवून मोजायचं तेही. पूर्ण झाकलेलं चेनकव्हर असेल तर त्यात रबरी बूच असतं, ते काढून आत बोट जातं. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात घट्ट जागी जो आकडा येईल तोच खरा धरायचा.

‘चेन आवाज करते, टाइट करून दे’ असं सांगून लोक ती तारेसारखी ताणून घेतात. चिमटा ज्या बोल्टवर फिरतो तो आणि पुढची चक्री (स्प्रॉकेट) एका रेषेत नसतात, त्यामुळे मागे माणूस बसला की चेन आणखी ताणली जाते. सैलपणा ठेवलेला नसेल तर तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, त्याच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर जातो. पुढच्या चक्रीमागून तेल झिरपायला लागण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे.

ताण बदलताना: एक्सेलचा नट सैल करा. स्प्लेंडरच्या जातकुळीतल्या गाड्यांना चेनच्या बाजूला एक मोठा स्लीव्ह नटही असतो, तोही सैल करावा लागतो, नाहीतर चाक सरकत नाही आणि माणूस अॅडजस्टरवरच जोर काढून त्याचे आटे मारतो. दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच, पाव-पाव फेऱ्याने फिरवा आणि चिमट्यावरच्या खुणा दोन्हीकडे जुळतायत ना ते पाहा. नट आवळून झाल्यावर ताण पुन्हा मोजा, आवळताना तो बदलतो. स्प्लिट पिन असेल तर नवी घाला.

आणि हे हमखास राहतं: मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्यावर ब्रेकची दांडी आपोआप ताणली जाते. पेडलचा मोकळेपणा २० ते ३० मिमी परत करून घ्या. ब्रेक लाइट कुठे लागतो तेही बघा. नाहीतर लायनर सतत घासत राहतो, ड्रम तापतो, आणि मालक म्हणतो गाडीचं अॅव्हरेज पडलं.

ओला_रस्ता
चेन कशाने धुवायची? पेट्रोलने धुतात काही जण.

चिमटा_आणि_चक्री
पेट्रोल नको. आग हा पहिला मुद्दा, आणि ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर रबर फुगून तडकतं, हा दुसरा. रॉकेल उत्तम, पण ते आता सहज मिळत नाही, तेव्हा डिझेल. पसरट ट्रेमध्ये २०० मिली पुरतं. मऊ ब्रश वापरा, तारेचा नको. चाक हाताने मागे फिरवत घासा, फडक्याने कोरडं करा, अर्धा तास वाळू द्या. टायरवर आणि डिस्कवर थेंब जाऊ देऊ नका, गेलाच तर लगेच साबणाने धुवा.

इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवत चेन पुसायची नाही. फडकं चक्रीत ओढलं जातं आणि त्यामागून बोटं. यात ‘काळजी घेतली तर चालतं’ असं काही नसतं.

तेल: साध्या चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल. खालच्या फेऱ्याच्या आतल्या अंगाला, प्रत्येक कडीच्या दोन्ही पट्ट्यांच्या सांध्यावर थेंब थेंब. चेन फिरताना तेल आपोआप बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून सुरुवात आतून करायची. पंधरा-वीस मिनिटांनी वरचं जास्तीचं पुसून टाका. चेनवर चमकणारं तेल काही कामाचं नाही, ते फक्त रेती धरतं. ग्रीस तर अजिबात नको. ते सांध्यात शिरत नाही आणि वरच्या वर चिखलाचा लेप बनतो.

पावसात दर ३००-४०० किमीला तेल घाला, कोरड्यात ५००-७०० ला चालेल.

रिले_८७
थोडी भर. ओ-रिंग चेनचं खरं वंगण पिन आणि बुशच्या मधे कारखान्यातच भरून सील केलेलं असतं. बाहेरून आपण जे लावतो ते रबर कोरडं पडू नये आणि पट्ट्यांना गंज लागू नये म्हणून. त्यामुळे वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन चेनवर जवळून मारू देऊ नका. पाणी रिंगमधून आत गेलं की परत येत नाही. आणि डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवायला आणि साफ करायला ठीक आहे, चेनचं वंगण म्हणून नाही. उडून जातं.

बदलायची कधी याचं मोजमापही सांगा की कुणीतरी.

चिमटा_आणि_चक्री
४२८ नंबरच्या चेनची कडी १२.७ मिमीची. ताणलेल्या चेनवर २० कड्या मोजल्या तर नवीन असताना २५४ मिमी भरतात. २५९ च्या आसपास आलं की चेन गेली. ५२० ची कडी १५.८७५ मिमी, म्हणजे २० कड्या ३१७.५, आणि ३२३ च्या पुढे बदला. टेप नसेल तर मागच्या चक्रीच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर किट (चेन आणि दोन्ही चक्र्या) घ्या. किटच घ्या, नुसती चेन नको. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर तीही लवकरच त्याच आकाराची होते.

लॉक कडी असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला. उलट बसलेली क्लिप एखाद्या दगडाला अडकून निघते.

घाटवळण
आंबोली, वरंध, माळशेज या बाजूला पावसात जाणाऱ्यांसाठी जादा दिव्यांचं कुणी सांगेल का? दुकानदार ‘पाच मिनिटांत लावून देतो’ म्हणतात आणि आठवड्याभरात बॅटरी बसते अशा तक्रारी फार ऐकू येतात.

रिले_८७
पाच मिनिटांत लावलेले दिवे म्हणजे हेडलाइटच्या वायरला सोलून पिळा मारलेला आणि वर काळी टेप. सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यातल्या इलेक्ट्रिकच्या निम्म्या भानगडी अॅक्सेसरीतूनच निघतात.

हिशोब आधी. २० वॅटचे दोन एलईडी म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टला सुमारे ३.३ अँपिअर. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत कायम पेटलेला असतो, तेव्हा हा भार त्याच्यावर आणखी. छोट्या कम्युटरच्या वीज बनवणाऱ्या कॉइलला हे सिग्नलवर आयडलिंगला झेपत नाही, बॅटरीतून जायला लागतं. त्यामुळे दिवे वेगळ्या बटणावर ठेवा आणि शहरात बंद ठेवा.

जोडणी: बॅटरीच्या प्लसपासून वायर काढली की वीतभर अंतराच्या आतच फ्यूज. वरच्या भाराला ५ अँपिअरचा पुरतो. ‘उडायला नको’ म्हणून १५ चा टाकला तर बारीक वायर आधी वितळेल आणि फ्यूज शाबूत राहील. फ्यूजमधून रिलेच्या (बटणाच्या बारीक करंटवर दिव्यांचा मोठा करंट जोडणारा स्विच, आकडे त्याच्या पायांचे) ३० नंबरला. ८७ वरून दिव्यांना. ८५ अर्थला. ८६ ला बटणामार्फत असा सप्लाय द्या जो चावी फिरवल्यावरच येतो, टेल लॅम्पची वायर सोयीची पडते. दिव्यांचा अर्थ चेसिसच्या रंगावर न घेता सरळ बॅटरीच्या मायनसला आणा. वायर १ चौरस मिमीची घ्या.

जुन्या कम्युटर गाड्यांचा हेडलाइट बऱ्याचदा थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालायचा. तिथून ८६ ला सप्लाय घेतला तर रिले करकरत राहतो आणि दिवे लुकलुकतात. दिवा खराब नसतो, जागा चुकलेली असते.

सांधे: पिळा मारून टेप लावली की इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो, आणि तांब्याच्या तारांमधून पाणी वायरीच्या आत वर चढतं. सहा महिन्यांनी वायर सोला, आत काळीहिरवी तांब्याची भुकटी मिळेल. क्रिंप केलेलं टर्मिनल आणि वर आतून गोंद असलेली हिट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी, हेच करा. नुसतं सोल्डर केलेली वायर बाइकच्या थरथरीने सोल्डर संपतं तिथेच तुटते. निळे प्लास्टिकचे दाबून बसवायचे टॅप कनेक्टर पावसाळी गाडीत वापरूच नका, ते मूळ वायरीच्या तारा अर्धवट कापतात.

आता ‘पाणी बाहेर कुठून जातं’ या मुद्द्यावर. कुठलीही वायर कनेक्टरमध्ये वरून खाली उतरत नेऊ नका. आधी थोडी खाली झोळ देऊन मग वर वळवून आत घ्या. पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. कनेक्टरच्या तोंडाशी किंचित सिलिकॉन ग्रीस. तेच प्लग कॅपच्या आतल्या कडेलाही लावता येतं.

दिव्यांचा मारा: भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, बसून बघा. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेमी खाली पडली पाहिजे. धुक्यात पिवळा बरा. झगझगीत पांढरा वर मारलात तर तुमच्याच डोळ्यांसमोर भिंत उभी राहते, आणि समोरच्याचं तर विचारूच नका.

घाटवळण
आणि फोन चार्जर? तो बॅटरीला थेट दिला तर काय बिघडतं?

रिले_८७
चार्जर फोन लावलेला नसतानाही थोडं पीतच असतो. निळा आकडा दाखवणारा स्वस्तातला चार्जर २० मिलीअँपिअर सहज घेतो. दिवसाला ०.४८ अँपिअर-तास. लहान स्कूटर-बाइकची बॅटरी ३ अँपिअर-तासाची असते, म्हणजे आठवडाभर उभी गाडी मेली. तोही चावीवरच्या सप्लायला द्या, २ अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजमधून. रबरी टोपण असलेलाच घ्या आणि तोंड खाली करून बसवा.

बॅटरी मोजायची तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी. १२.६ किंवा वर उत्तम, १२.२ म्हणजे अर्धी, बाहेर काढून चार्ज करा. इंजिन थोडं रेस करून १३.५ ते १४.५ यायला हवं. त्याखाली राहिलं तर बॅटरी बदलून उपयोग नाही, कॉइल किंवा रेग्युलेटर तपासा. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. पाना चुकून चेसिसला टेकला तर प्लसच्या वेळी ठिणगी पडते, मायनसच्या वेळी नाही.

काचेवरचं_धुकं
बाइकवाल्यांनी धागा ताब्यात घेतलाय, आता थोडं चारचाकीबद्दल.

बॉनेट उघडा. वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी जाळीदार प्लास्टिकची पट्टी आहे. तिच्याखाली एक पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन्ही टोकांना निचऱ्याची भोकं. गुलमोहर, वर्षावृक्ष, कडुनिंब यांच्याखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत या पन्हळीत पाल्याचं अक्षरशः खत झालेलं असतं. केबिनमध्ये ताजी हवा घेणारं तोंड याच पन्हळीत उघडतं. निचरा तुंबला की पाणी त्या तोंडातून आत, केबिन फिल्टर भिजतो, मग कुबट वास, मग ब्लोअरची मोटर. पाला हाताने काढा आणि दोन लिटर पाणी सावकाश ओतून बघा. दोन्ही पुढच्या चाकांच्या मागे ते पडताना दिसलं पाहिजे. पाल्यावर आधीच पाइप मारू नका, सगळा गाळ भोकात जाऊन बसतो.

दुसरी जागा एसीची नळी. दमट हवेत एसी पंधरा मिनिटं चालला की गाडीखाली पाण्याचं थारोळं व्हायलाच हवं. झालं नाही आणि डावीकडच्या सीटपुढचं मॅटिंग ओलं लागलं, तर नळी बुजली आहे. ती इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून खाली बाहेर येते. खालून मऊ नळी किंवा जाड नायलॉनचा दोरा घालून मोकळी होते. एक फरक मात्र ओळखा. बोटाला लागलेलं पाणी स्वच्छ आहे की चिकट? चिकट, गोडसर वासाचं आणि सोबत काचेवर तेलकट थर येत असेल तर ते एसीचं नाही, हीटरमधून कूलंट गळतंय. ती गाडी लगेच गॅरेजला.

तिसरी जागा दारं. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच, ते खालच्या कडेच्या दोन-तीन खाचांतून निघतं. दार हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली तर खाचा बुजल्यात. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने उघडा. अँटीरस्ट कोटिंग मारून घेताना हमखास याच खाचा बुजतात, तेव्हा गाडी ताब्यात घेण्याआधी खाली वाकून बघा. सनरूफवाल्यांना चौकटीच्या कोपऱ्यांत नळ्या असतात, तिथेही पाणी ओतून तपासायचं.

रानमोगरा
काचेवर वाफ धरते त्याचं काय करायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो. एसी चालू, एसी बंद, काच खाली…

काचेवरचं_धुकं
ताई, आधी बघा वाफ काचेच्या आत आहे की बाहेर. बोट फिरवलं की कळतं.

आत असेल तर एसी चालू, झोत पुढच्या काचेवर, हवा बाहेरची. आतलीच हवा फिरवत ठेवली तर माणसांच्या श्वासाचा आणि ओल्या छत्र्यांचा दमटपणा साठत जातो. बाहेर धो-धो पाऊस असला तरी चालेल, एसी ती हवा आत सोडण्याआधी तिच्यातलं पाणी काढतो.

बाहेरून धरत असेल, मुंबई-कोकणात हे रोजचं, तर काच जास्त थंड झाली आहे. वायपरचा एक फेरा मारा, झोत काचेवरून काढून पायाकडे घ्या, तापमान २५-२६ करा. या वेळी काचेवर आणखी थंड हवा सोडली की वाफ वाढतेच.

काच आतून मळकट असेल तर वाफ पटकन चिकटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, मायक्रोफायबरने पुसा. रात्री समोरच्या दिव्यांचे फराटे दिसतात तेही याने कमी होतात.

वायपर: मे महिन्यात तापलेल्या काचेवर पडून पडून रबराची कड भाजलेली असते. आधी ओल्या फडक्याने कड पुसा, काळं निघणं बंद होईपर्यंत. तरी फराटे राहिले तर बदला. जुनी पाती मोजून त्याच मापाची घ्या, दोन्ही बाजूंची मापं बहुधा वेगळी असतात. पाती काढलेला दांडा उभा सोडू नका. स्प्रिंगने आपटला तर काच तडकते. खाली टॉवेल घडी करून ठेवा.

मृगाचा_पाऊस
उंदरांचं कुणीतरी लिहा, नाहीतर श्रावणात तोच धागा पुन्हा निघेल.

रानमोगरा
पाऊस लागला की मूषकराज कोरडी, उबदार जागा शोधतात आणि गणपती उठले तरी हलत नाहीत. केबिनमध्ये शिरतात ते वर सांगितलेल्या हवेच्या तोंडातून. तिथे ६ मिमीची गॅल्व्हनाइज्ड जाळी कापून पक्की बसवा. रेडिएटरच्या पुढे बारीक जाळी नको, हवा अडते. तंबाखूची पानं कापडी पुरचुंडीत बांधून ठेवतात, काही अंशी उपयोग होतो, पण ओली झाली की वास जातो, पंधरा दिवसांनी बदलावी लागतात. इंजिनाच्या पट्ट्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. विष मुळीच नको. उंदीर हवेच्या नळीत जाऊन मरतो, आणि मग तो वास काढायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गाडीत बिस्किटांचा चुरा, डिकीत धान्याची पिशवी असेल तर बाकी सगळे उपाय फुकट.

ओला_रस्ता
रस्त्यावर पाणी साचलेलं असताना सायलेन्सरमध्ये पाणी जाऊन गाडी बंद पडते म्हणतात. रेस करत राहावं म्हणे.

रिले_८७
सायलेन्सर एवढं घाबरण्यासारखं नाही, चालू इंजिन पाणी बाहेर ढकलतं. भीती एअर फिल्टरच्या तोंडाची. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. रेस केलीत तर इंजिन हवेबरोबर पाणीही जोरात ओढतं. पहिल्या गिअरमध्ये, एका संथ वेगाने, समोरच्या गाडीची लाट ओसरू देऊन जा.

पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारायचा नाही. एकदाही नाही. कार न्यूट्रल करून ढकला, बॅटरीचा मायनस काढा, टो करा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला जाऊन इंजिन गेलं तर साध्या विम्यात ते बहुधा नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. पॉलिसीत आहे का ते आत्ताच बघून ठेवा.

बाइकचं घरी करता येतं. प्लग काढा, चावी बंद ठेवा, दहा-बारा किक मारा, पाणी प्लगच्या भोकातून उडेल. ऑइल बघा. दुधाळ चहासारखं दिसलं तर इंजिन चालू न करता ऑइल बदला. कागदी फिल्टर भिजला असेल तर वाळवू नका, नवा घाला.

रानमोगरा
स्कूटरला हेच लागू?

चिमटा_आणि_चक्री
इंजिनाला हेच. वर एक गोष्ट जास्त: डाव्या कव्हरच्या आत बेल्ट असतो. तिथे पाणी गेलं की इंजिन रेस होतं आणि गाडी पुढे जात नाही. बेल्ट तुटला असं वाटतं, पण तो नुसता ओला होऊन घसरत असतो. काही मॉडेलना कव्हरच्या तळाशी निचऱ्याची नळी किंवा बूच असतं, ते उघडा. नाहीतर कव्हर काढून फडक्याने पुसून वाळवा. आत डब्ल्यूडी-४० किंवा कुठलंही तेल मारू नका, बेल्ट कायमचा घसरेल. आणि बऱ्याच स्कूटरचा एअर फिल्टर तेल चोळलेल्या कागदाचा असतो. तो हवेने उडवून साफ करायचा नसतो, मुदत झाली की बदलायचाच.

घाटवळण
पावसात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, पकड वाढते, हे खरं का?

चिमटा_आणि_चक्री
डांबरी रस्त्यावर उलट. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत जातो, नक्षीतून पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. स्टिकरवर दिलेली हवा, टायर गार असताना, बस. हवेपेक्षा नक्षी बघा. कारच्या टायरला खाचेत १.६ मिमी उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसासाठी तर त्याआधीच बदला.

ब्रेकचंही उरकतो. ड्रमच्या बाहेर लिव्हरवर बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो ड्रमवरच्या खुणेला टेकला की लायनर संपले. पाण्यातून निघाल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलका धरा, म्हणजे लायनर वाळतात. डिस्कचं ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदला, डॉट ३ का डॉट ४ ते झाकणावर लिहिलेलं असतं. पातळी खाली गेली म्हणून नुसतं वरून भरू नका, बहुतेकदा ती पॅड झिजल्यामुळे गेलेली असते. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग सोलतो.

मागे ड्रम असलेली कार धुतल्यावर किंवा पावसातून आणल्यावर बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. पहिला गिअर टाका, चाकामागे दगड लावा.

ओला_रस्ता
शेवटचं एक. बीएस-६ बाइक न्यूट्रलमध्ये छान सुरू होते, पहिला टाकला की बंद. पावसातच होतं. साइड स्टँड वर असतो.

रिले_८७
साइड स्टँडचा सेन्सर. स्टँडच्या बोल्टाजवळ दोन वायरी जाणारा छोटा काळा डबा आहे. त्यात चिखल बसला की गाडीला वाटतं स्टँड खालीच आहे. साध्या पाण्याने आणि टूथब्रशने धुवा. आतबाहेर होणारी पिन असेल तर ती मोकळी हलते का बघा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. स्टँडची स्प्रिंग सैल पडली असेल तर स्टँड पूर्ण वर बसत नाही आणि हेच लक्षण दिसतं, तेव्हा तीही ओढून बघा. तरी नाही गेलं तर त्या वायरीचा कनेक्टर टाकीखाली किंवा साइड पॅनेलच्या आत सापडेल. तो उघडून आत हिरवं दिसतंय का ते पाहा. सेन्सर कापून वायरी एकमेकांना जोडून देणारे भेटतील, पण तसं केलं तर स्टँड खाली राहिलेली गाडी डाव्या वळणावर टेकते.